टोपलीतले अकरा फोन

अलीमियाँनी सांगितलं होतं. अगदी पहिल्या दिवशी, कोकम सरबताचा ग्लास हातात देता देता सांगितलं होतं, "बेटी, आमच्या मोहल्ल्यात ज्याची खुशाली हवी त्याला विचारायचं नसतं. तो बरंच म्हणणार. खबर घ्यायची ती शेजारच्या घरातून."

राही हसली. किती गोड बोलतात हे म्हातारे, असं तिच्या मनात आलं आणि तिने वहीत लिहून घेतलं, 'समाजात एकोपा चांगला.' खाली एक रेघ मारली आणि पुढचा प्रश्न विचारला, "चाचा, किती जणींकडे स्मार्टफोन आहेत?"

राहीचं काम तसं विचित्रच. दिवेआगरला सासरच्या वाडीत बसून ती वाशीच्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीचं काम करायची. प्रोग्रॅम ती लिहीत नसे. गिऱ्हाइकाला काय हवंय ते कंपनीतल्या मुलांना सांगायचं आणि मुलांनी काय केलंय ते गिऱ्हाइकाला समजावायचं, एवढंच तिचं काम. सासूबाईंना, कृष्णाबाईंना, तिने ते एकदा नीट बसून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हंजे ह्याचं त्याला नि त्याचं ह्याला. आमच्यात ह्याला चुगल्या म्हणतात. नि पगार न्हाय देत कोण त्याचा."

हे काम राहीकडे आलं ते ती जवळ राहते म्हणून. खाडीच्या अंगाला, अर्ध्या तासावर मोहल्ला. तिथली बरीच घरं अशी की मुलगे कतारला नाहीतर कुवेतला, सुना त्यांच्याबरोबर, आणि घरात मागे एकटी आई. जमातीच्या कमिटीने, म्हणजे अलीमियाँनी, वर्गणी काढून ॲप बनवायला दिलं. नाव 'खुशाली'. एकट्या राहणाऱ्या अकरा बायका. प्रत्येकीने दिवसातून एकदा आपल्या फोनवर 'मी बरी आहे' असं बटण दाबायचं. दाबलं की परदेशात मुलाच्या फोनवर हिरवी खूण उमटायची. संध्याकाळी सहापर्यंत नाही दाबलं तर लाल होऊन कमिटीला कळायचं. याहून सोपं काय असणार?

कमिटीच्या हॉलमध्ये राहीने अकराही जणींना बसवून समजावलं होतं. कंपनीतल्या मुलांनी दिलेल्या सूचना तिने प्रामाणिकपणे मराठीत उतरवून, छापून, वाटल्या होत्या. 'ॲप बॅकग्राउंडमध्ये सक्रिय असल्याची खात्री करावी. बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद ठेवावे. नेटवर्क नसल्यास सिंक प्रलंबित राहील.' तासभर बोलून घसा सुकला, पदराने कपाळ पुसत तिने विचारलं, "समजलं का सगळ्यांना?"

"समजलं, समजलं," अकराही जणी म्हणाल्या. सफुराचाचीने तर उठून तिच्या हातात खजुराची पिशवी दिली. "पोरीला दे हो." पोरगी म्हणजे राहीची दोन वर्षांची चिंगी, जी तेवढ्या वेळात कोपऱ्यातली दोन खेळणी आणि एक जपमाळ तोंडात घालून आली होती.

सहा आठवडे झाले आणि सगळं हिरवं. रोज. अकराच्या अकरा.

"शंभर टक्के, राही!" साक्षी व्हिडिओवर जवळजवळ ओरडलीच. साक्षी तिची वरिष्ठ, वाशीला बसायची. "पुढच्या क्लायंटला हाच स्क्रीनशॉट दाखवणार आहे मी. म्हाताऱ्या बायका, आणि एक दिवस चुकत नाहीत."

सफुराचाचीच्या मुलाचा, अदनानचा, दोह्याहून संदेशही आला होता. 'मॅडम, शुक्रिया. आधी रोज फोन करावा लागायचा, ड्यूटीच्या वेळा जमायच्या नाहीत, चुकला की जिवाला घोर. आता हिरवी खूण बघतो, समाधान वाटतं. फोन आठवड्याला करतो.'

राहीने तो संदेश साक्षीला पुढे पाठवला. साक्षीने तो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण राहीचा स्वभाव चिंतेचा. चिंगी दुपारी झोपली की ती तिच्या नाकाखाली बोट धरून बघायची, श्वास चालू आहे ना. बोटाला ऊब लागली तरी पुन्हा पाच मिनिटांनी बघायची. सुजित, तिचा नवरा, म्हणायचा, "तुला डिग्री दिली ना, तिथे चिंतेचा वेगळा पेपर होता काय गं?" तर अशा राहीला त्या सोमवारी दुपारी फ्रिजवर चिकटवलेला चिंगीच्या औषधाचा कागद दिसला. खोकल्याचं औषध, दिवसातून तीनदा, पाच दिवस. दिलं की ती टिंब काढायची. पंधरा टिंबांच्या जागी तेरा टिंबं होती.

पोटच्या पोरीचं औषध, अलार्म लावून, आणि तरी दोनदा चुकलेलं. मग त्या अकरा जणींचं सहा आठवड्यांत एकदाही कसं चुकत नाही? कुणाचा डोळा लागला नाही, कुणाची बॅटरी संपली नाही, कुणी भाचीच्या लग्नाला गेलं नाही?

तिने लॅपटॉप उघडून वेळा काढल्या. दररोज चार वाजून काही मिनिटांनी पहिलं बटण, आणि मग सहा-सात मिनिटांत अकराही. काल तसंच. परवा तसंच. तेरवा शुक्रवार, तेव्हाही तसंच.

तिने साक्षीला फोन लावला.

"आठवण जाते ना ॲपमधून, त्याच वेळेला दाबत असतील," साक्षी म्हणाली.

"आठवण सकाळी साडेदहाला जाते."

"मग चहाच्या वेळेची सवय लागली असेल. राही, हिरवं दिसतंय ना? हिरव्याची काळजी कोण करतं?"

राहीने फोन ठेवला आणि त्या अकरांपैकी एका नंबरवर फोन केला. एका तरुण मुलीचा आवाज आला. "हां मॅडम, चाची एकदम बरी आहे." मागे शिलाई मशीन घरघरत होतं. राहीने दुसरा नंबर लावला. "हां मॅडम, बरी आहे चाची." तोच आवाज. मागे तेच मशीन.

तिने चिंगीला उचलून कमरेवर घेतलं.

"या उन्हात पोरीला घेऊन कुठं निघालीस?" कृष्णाबाई ओटीवर सुपाऱ्या सोलत बसल्या होत्या.

"मोहल्ल्यात जाऊन येते."

"फोन कर की."

"फोनवर सगळ्या बऱ्याच आहेत, आई," राही म्हणाली, आणि स्वतःचंच वाक्य ऐकून ती पायरीवरच थांबली. अलीमियाँनी सरबत देता देता सांगितलेलं तिला आत्ता कुठे ऐकू आलं.

रिक्षा मोहल्ल्यात पोचली तेव्हा असरची, चारच्या सुमाराच्या नमाजाची, अजान नुकतीच झाली होती. मशीनच्या आवाजावरून घर सापडलं. जुनेरा, बारावी झालेली, लग्नाचे कपडे शिवणारी, गल्लीतली सगळ्यांची लाडकी मुलगी. तिच्या पायाशी बांबूची टोपली होती, आत जुनी ओढणी अंथरलेली आणि त्यावर फोन. प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टीने नाव लावलेलं. त्यातले पाचसहा तिने एका बाजूला काढून ठेवले होते.

"मॅडम! या ना, बसा. हिला काय देऊ, बिस्कीट?"

"जुनेरा, हे सगळे फोन तुझ्याकडे?"

"तुम्हीच तर सांगितलं. बॅकग्राउंडमध्ये सक्रिय पाहिजे, ते ऑप्टिमायझेशन बंद पाहिजे. त्यांना कुठे कळतंय ते? म्हणाल्या, जुनेरा, तू शिकलेली, तूच ठेव. मी चार्जिंग करते, रोज असरला एकेक दाबते. बघा, एक दिवस चुकलेला नाही." ती हसत होती. शाबासकीची वाट बघत होती. "हा सफुराचाचीचा." तिने फोन उचलून राहीच्या समोरच अंगठा टेकवला. मी बरी आहे. हिरवं. क्षणभराने तिकडून, दोह्याहून, अदनानचा 'छान' असा अंगठा आला.

"आणि त्या बऱ्या आहेत हे तुला कसं कळतं?"

"रोज येतात ना इथे. मुलाचा फोन यायची वेळ झाली की येतात, बोलतात, बसतात, माझ्या डिझाइनला नावं ठेवतात."

"आज सफुराचाची आली होती?"

"ती आता नाही येत रोज. अदनानभाईचा फोनच नसतो रोज, तर येऊन काय करेल?"

राहीने चिंगीला दुसऱ्या कमरेवर घेतलं. "तू तिला शेवटचं कधी पाहिलंस?"

जुनेराचा हात मशीनच्या चाकावर होता, तो तिथेच राहिला. "जुम्म्याला," ती म्हणाली. "शुक्रवारी दिसली होती. बाजूचे लोक मुंबईला गेलेत लग्नाला, म्हणून मग..." उठली ती सरळ धावतच सुटली, तो फोन तसाच हातात.

सफुराचाचीचं घर गल्लीच्या टोकाला. दाराला आतून कडी. हाका मारल्या, उत्तर नाही. जुनेरा ओढणी कमरेला बांधून परसाच्या दगडी गडग्यावरून पलीकडे उतरली, मागचं दार ढकललं, आणि आतून तिचा जो आवाज आला तो ऐकून चिंगीने राहीच्या गळ्याला मिठी मारली.

मोरीच्या उंबऱ्याशी सफुराचाची पडली होती. एक पाय वेडावाकडा. ओठांना पांढरी साय धरल्यासारखी झालेली. काल सकाळी पाय घसरला होता तेव्हापासून ती तिथेच होती. घागर हाताला लागत नव्हती. हाक मारून आवाज बसला होता. पण डोळे उघडे होते आणि त्या डोळ्यांनी तिने दोघींना ओळखलं.

"चाची!" जुनेरा रडायला लागली.

"बरी आहे मी," सफुराचाची म्हणाली. शब्द कसेबसे बाहेर पडत होते. "बरी आहे. जरा पाय घसरला. अदनानला सांगू नको हां, ड्यूटीवर असेल तो."

राहीने तिच्या ओठांना पाण्याचं बोट लावलं. नकळत तिचं दुसरं बोट म्हातारीच्या नाकाखाली गेलं होतं.

माणगावला नेलं, खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी साक्षी व्हिडिओवर आली. तीही रात्रभर झोपलेली दिसत नव्हती. "वाईट झालं गं. पण कमिटीला रिपोर्ट द्यायचाय, तर मी म्हणते, यूजर एरर लिहू. प्रत्येकीने आपलं बटण आपण दाबायचं असं आपण कमिटीच्या करारात स्पष्ट लिहिलं होतं. ॲप तर बरोबर चाललं."

"बरोबर चाललं म्हणून तर तीन दिवस तिच्याकडे कोणी गेलं नाही."

साक्षीने समोरचा कागद बाजूला सारला.

"आपण दाबायचं कसं ते लिहिलं, साक्षी. कशासाठी दाबायचं ते कुठेच लिहिलं नाही. बटण दाबता येणं म्हणजे तू उठू शकतेस, हात हलतोय, फोन जवळ आहे, एवढं तरी कळतं. म्हणून ते तूच दाबायला हवंस, हे मी एकदाही तोंडाने बोलले नाही. त्या भल्यामोठ्या शब्दांनी घाबरून त्यांनी फोन दुसरीकडे ठेवले. तिच्याजवळ फोन असता तर पडल्या पडल्या तिने निदान कोणाला तरी लावला असता."

"मग काय लिहायचं?" साक्षीने विचारलं. तिच्या आवाजात भांडण नव्हतं.

"जे झालं ते. कुणालाही वाचून कळेल असं."

अदनानशी बोलणं मात्र लिहिण्याइतकं सोपं नव्हतं. राहीने तो फोन तीनदा उचलून ठेवला. शेवटी लावला आणि सगळं क्रमाने सांगितलं, काही न वगळता. त्याच्या मागे गाड्यांचे भोंगे ऐकू येत होते.

"मी बघितली होती हो खूण," तो म्हणाला. "रविवारी दोनदा बघितली. दुपारी जेवताना आणि झोपताना. मग ती खूण काय सांगत होती मला?"

"एवढंच, की कोणीतरी बटण दाबलं."

"फक्त एवढंच?"

"हो. आणि हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. तुम्ही लिहिलंत, आता रोज फोन करत नाही, तेव्हा तर सांगायलाच हवं होतं. मी तो संदेश वाचून खूश झाले."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. "रमजानपर्यंत सुट्टी नाही मला," तो म्हणाला. "अम्मी घरी परतली की पुन्हा एकटीच असणार. यावेळी नीट बनवा, मॅडम."

राहीने पुन्हा कमिटीचा हॉल मागितला. त्याच खुर्च्या, पण दहाच बायका. जुनेरा मागे, भिंतीला टेकून उभी होती, कुणाकडे बघत नव्हती. राहीने आधी तिला पुढे बोलावून शेजारी बसवलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की मी दिलेला कागद या मुलीने अक्षरन्‌अक्षर पाळला. चूक कागद लिहिणारीची.

मग तिने विचारलं, "त्या दिवशी कळलं नव्हतं, तर बोलला का नाहीत कोणी?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी पुढच्या रांगेतली एक म्हणाली, "पाहुणी होतीस तू. पोर घेऊन आलेली, घामाघूम झालेली. तुझ्या तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

"आणि ते प्रलंबित का काय," दुसरी म्हणाली, "मला वाटलं कोर्टाचं काम आहे."

हॉलमध्ये पहिल्यांदा हसू उठलं. अलीमियाँही मिशीत हसले. राही त्यांच्याकडे वळली. "चाचा, तुम्ही मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"ऐकलं नाही कसं? लिहून घेतलंस की. मी बघितलं. खाली रेघपण मारलीस." हॉल पुन्हा हसला, मग अलीमियाँचा चेहरा गंभीर झाला. "पण चूक आमचीही आहे, बेटी. आधी येता-जाता दोन घरं डोकवायची. ॲप आलं आणि मी स्वतःच म्हणायला लागलो, मोबाइलमध्ये आहे ना खबर, मग कशाला. आम्ही आमचा रस्ता सोडला. तुझ्या रस्त्याला लागलो, तो कुठे जातो ते न विचारता."

त्या दिवशी राहीने कुणालाही 'समजलं का' असं विचारलं नाही. प्रत्येकीला म्हणाली, "आता तुम्ही मला सांगा, उद्या तुम्ही काय करणार?" आणि ऐकत राहिली. पहिल्या चौघींनी चार तऱ्हेचं सांगितलं. एकीला वाटत होतं फोन दाबला की डॉक्टर येतो. राहीने वही बंद ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दोन तास गेले. चिंगी एका खुर्चीखाली झोपून गेली.

ठरलं ते असं. जिचा फोन तिच्याजवळ. 'मी बरी आहे' हे बटण काढून टाकायचं, कारण ते कोणी खरं बोलतच नाही. प्रत्येक घराला एक शेजारीण नेमलेली. तिने घरात जायचं, बघायचं, दोन शब्द बोलायचे आणि मग आपल्या फोनवरून खबर द्यायची. मुलाला हिरवी खूण दिसणारच नव्हती. दिसणार होतं कुणी बघितलं, किती वाजता, आणि शेजारणीच्या आवाजातलं एखादं वाक्य. सफुराचाचीच्या घरासाठी जुनेराने स्वतःहून आपलं नाव दिलं.

कंपनीतल्या मुलांनी आठवड्यात ते बनवलं. त्यांनी विचारलं, शेजारणीच्या बटणाच्या वर मजकूर काय टाकायचा? 'भेटीची पडताळणी करा' चालेल का? राहीने चालणार नाही म्हणून कळवलं आणि स्वतः लिहायला बसली. लिहिलं की ओटीवर जाऊन कृष्णाबाईंना वाचून दाखवायची.

"हे कोण बोलतंय? तलाठी?" कृष्णाबाई म्हणायच्या. किंवा, "लय लांबड. तवर म्हातारी मरंल." एकदा फक्त म्हणाल्या, "ह्यात जा असं कुठं म्हणलंयस? इचारलंयस नुसतं."

सफुराचाची वॉकर घेऊन घरी परतली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला, डॉक्टरला, अदनानला, एकच सांगत होती, बरी आहे. पायाला सूज होती तेव्हाही आणि जेवण जात नव्हतं तेव्हाही. तिला विचारून काही कळणार नव्हतं. जे काही करायचं ते बघणाऱ्याच्या डोळ्यांना करायचं होतं, आणि त्या डोळ्यांपुढे राहीची फक्त चार-सहा वाक्यं असणार होती.

नववा कागद वाचून दाखवला तेव्हा कृष्णाबाईंनी हातातला अडकित्ता खाली ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि वाडीच्या मागे, एकट्या राहणाऱ्या केसरमावशीच्या घराकडे चालू लागल्या. राहीने तोच मजकूर साक्षीला पाठवून दिला, एकही शब्द न बदलता. तो असा :

'तुमच्या वाट्याला जे माणूस आलंय, त्याला आज तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत का? फोनवर आवाज ऐकलात, खिडकीत दिवा दिसला, कुणी सांगितलं बरे आहेत म्हणून, ते धरू नका. पाहिलं नसेल तर इथे काही दाबू नका. वाचणंही इथेच थांबवा. उठा, आणि आधी त्यांना बघून या.'